नांगरावरच्या रात्रीचा विजेचा हिशेब

यॉटवर रात्रभर किती वीज लागते, असं विचारलं की बहुतेक मालक जनरेटर किती केव्हीएचा आहे ते सांगतात. मग किती युनिट लागतात, असं विचारलं की गप्प होतात. घरी दर महिन्याला लाइट बिलावर ज्याच्याकडे आपण डोळे वटारून पाहतो तोच हा युनिट, म्हणजे हजार वॅट-तास. बोटीवर मात्र तो मोजायचं कुणालाच सुचत नाही. विक्रेत्यालाही त्याची घाई नसते, कारण हिशेब मांडला की बऱ्याचदा मोठा जनरेटर विकायचं कारणच उरत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न टळण्यासारखा नाही. कोचीच्या बोलगट्टी बेटावरच्या मरिनात धक्क्याला बोट लावून वीज-पाण्याची जोडणी घेता येते. मुंबईत गेटवेसमोर मूरिंगला झुलणाऱ्या बोटीला ती सोय नाही. मांडव्याच्या पुढे, रेवदंड्याच्या खाडीत, राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याच्या आसपास, जयगडला किंवा विजयदुर्गला नांगर टाकला तर सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंतची सगळी वीज बोटीनेच पुरवायची असते. म्हणून इथे चाळीस फुटांच्या आसपासची, चार-सहा माणसं झोपतील अशी बोट डोळ्यांसमोर ठेवतो. तुमची बोट लहान-मोठी असेल तर आकडे बदलतील, मांडणी तीच राहील.

संध्याकाळी सहा ते सकाळी सात, असे तेरा तास धरा. बारा व्होल्टचा काँप्रेसरवाला फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट खातो. कोकणातल्या दमट हवेत तो निम्म्याहून जास्त वेळ चालूच असतो, त्यामुळे त्याचे ४०० वॅट-तास. चार केबिन पंखे प्रत्येकी ५ वॅटचे, दहा तास, म्हणजे २००. एलईडी दिवे ७०. डोलकाठीच्या टोकावरचा नांगराचा दिवा ४०. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत ठेवला तरी ६५. नांगर सरकला तर ओरडणारा अलार्म चार्टप्लॉटरवर लावून ठेवलात, आणि तो लावावाच, तर २००. मोबाइल-लॅपटॉप १५०, पाण्याचा पंप २०. शेवटी एक लपलेला खर्च राहतो. इन्व्हर्टर काहीही चालवत नसला तरी स्वतः दहा-वीस वॅट पितो, रात्रभराचे २००. बेरीज तेराशे-साडेतेराशे. थोडी ढिलाई धरून दीड युनिट म्हणा.

एसी सोडला तर चाळीस फुटी बोटीची रात्र दीड युनिटात निघते. एवढ्यासाठी पाच केव्हीएचा जनरेटर रात्रभर धडधडत ठेवणं म्हणजे एका कप चहासाठी लग्नाची भट्टी पेटवणं.

हा हिशेब कागदावर करून थांबू नका. बॅटरीच्या ऋण तारेवर शंट बसवून घ्या आणि त्याला जोडलेला मॉनिटर लावा. किती आंपियर-तास गेले, किती आले, हे तो मोजत राहतो. मूरिंगवरच नेहमीच्या माणसांसह एक रात्र काढा आणि सकाळी आकडा पाहा. खरेदीचा निर्णय त्यानंतर. व्होल्टमीटरवर भरवसा नको. लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज ती विसावलेली असेल तरच काही सांगतं, आणि लिथियमचं तर ऐंशी टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत जवळजवळ हलतच नाही.

एसी हवा की नको

खरा फाटा इथे आहे. बाकी सगळे निर्णय याच्या मागून येतात, म्हणून घरच्यांशी आधी हेच बोलून घ्या.

सलूनसह अख्खी बोट गार करणारा सव्वा-दीड टनाचा मरीन एसी समुद्राच्या पाण्याच्या पंपासकट दीड किलोवॅटच्या घरात जातो. थर्मोस्टॅटमुळे तो साठ टक्के वेळ चालला आणि रात्र नऊ तासांची धरली, तरी आठ युनिट झाले. आधीचे दीड मिळवा, म्हणजे साडेनऊ-दहा. एकाच झोपायच्या केबिनसाठी अर्ध्या टनाचा एसी घेतला तर तोच खर्च अडीच-तीन युनिटांवर येतो. दार लावून घेतलेली एक केबिन गार करणं आणि काचांनी वेढलेलं सलून गार करणं यात एवढा फरक आहे. माझा सल्ला विचाराल तर म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची केबिन गार करा, बाकीच्यांना पंखे द्या.

कारण आपल्या किनाऱ्याला एक फुकटची सोय आहे. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात. मोकळ्या नांगरवाड्यात बोट वाऱ्याकडे नाक करून उभी राहते. पुढच्या हॅचवर कापडी विंडस्कूप बांधला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसीची आठवणही येत नाही. ऑक्टोबर आणि मे मात्र निराळे. तेव्हा वारा पडला की केबिनमध्ये घामाच्या धारा लागतात, आणि खाडीत आत शिरलात तर बोट वाऱ्याला न जुमानता प्रवाहाकडे तोंड करते, विंडस्कूप लोंबत राहतो. तेव्हा तुमच्या फेऱ्या कोणत्या महिन्यांत होतात आणि तुम्ही उघड्यावर नांगर टाकता की खाडीत, हे आठवून ठरवा.

बॅटरी: कोणती आणि किती

एसी नको असेल तर प्रकरण सोपं आहे. दीड युनिट देईल अशी बॅटरी बँक आणि ती दुसऱ्या दिवशी भरून निघेल अशी सोय, एवढंच लागतं.

आपल्याकडच्या अनेक बोटींवर घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी दिसते. स्वस्त असते, कोणत्याही गावात मिळते, आणि बंदरावरचा इलेक्ट्रिशियन तिला ओळखतो. पण ती स्थिर उभी राहण्यासाठी केलेली वस्तू आहे. बोट शिडावर कलली की आम्ल सांडू शकतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि १५० आंपियर-तासांची एक बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे दीड युनिट वापरायला तीन युनिटांची बँक हवी, अशा दोन बॅटऱ्या, शंभरावर किलो वजन. शिडाच्या बोटीवर हे वजन कुठे ठेवायचं हाच प्रश्न पडतो. लेड-ॲसिडच घ्यायची तर निदान सीलबंद एजीएम घ्या. उष्णतेचंही लक्षात ठेवा. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे बोटीच्या पोटात पंचवीस अंश कधी असतात?

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हा आजचा माझा कौल. १२.८ व्होल्टच्या शंभर आंपियर-तासांत १.२८ युनिट मावतात आणि त्यातले ऐंशी टक्के बिनघोर वापरता येतात. वजन बारा-तेरा किलो. दोन घेतल्या की दीड युनिटाची रात्र निघून वर थोडी शिल्लक उरते, तीही पंचवीस किलोंत. चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या हजारोंनी मिळतात, जिथे लेड-ॲसिड शेकड्यांवर अडते. किमतीची तुलना करताना आंपियर-तासामागचा भाव पाहू नका. वापरता येणारे युनिट गुणिले आयुष्यातल्या फेऱ्या, असा भाग लावा. मग महाग वाटणारी लिथियम बहुतेक वेळा स्वस्त निघते.

पण लिथियम म्हणून सगळं एक समजू नका. मोबाइल, स्कूटर, ड्रोन यांत निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल असू शकतात. ते जास्त ऊर्जा साठवतात आणि बिघडले तर जास्त पेटतात. बोटीच्या मुख्य बँकेसाठी एलएफपीच घ्या. कुणी जुन्या इलेक्ट्रिक गाडीचे सेल स्वस्तात जुळवून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून निरोप द्या. लहान बोटींवरच्या लिथियम बसवणीसाठी अमेरिकेच्या एबीवायसीचं ई-१३ हे मानक आहे आणि आयएसओचं २३६२५ आहे. बसवणाऱ्याला ही नावं ठाऊक आहेत का, एवढं विचारलं तरी त्याची पारख होते.

बसवणीत लोक चुकतात ते ठरावीक ठिकाणीच. एलएफपी बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो आंपियर सोडते. साधा फ्यूज तेवढा प्रवाह तोडू शकत नाही, म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ क्लास-टी फ्यूज हवा. दुसरं म्हणजे इंजिनचा अल्टरनेटर. लिथियम पूर्ण ताकदीने वीज ओढत राहते आणि लेड-ॲसिडसाठी केलेला अल्टरनेटर तासाभरात भाजून निघतो. त्यातच बॅटरीच्या बीएमएसने, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या तिच्यातल्याच यंत्रणेने, मध्येच संबंध तोडला तर व्होल्टेजची उसळी अल्टरनेटरचे डायोड जाळते. उपाय जुनाच आहे. इंजिन चालू करायची लेड-ॲसिड बॅटरी वेगळी ठेवा, अल्टरनेटर तिला जोडा, आणि तिच्यातून डीसी-डीसी चार्जरमार्फत लिथियम भरा.

बीएमएसचा स्वभाव ओळखून आणखी एक करा. तो बॅटरी वाचवण्यासाठी कसलीही सूचना न देता सगळं बंद करतो, आणि रात्री तीन वाजता नांगराचा दिवा विझतो. कोकण किनाऱ्यावर पहाटे मच्छीमार नौका बाहेर पडतात. अंधारात उभी असलेली तुमची बोट त्यांना दिसायलाच हवी, आणि ५० मीटरपेक्षा लहान नौकेने नांगरावर असताना निदान एक चौफेर पांढरा दिवा लावायचा, हा समुद्राचा नियमच आहे. म्हणून एका मोठ्या बॅटरीऐवजी स्वतंत्र बीएमएस असलेल्या दोन समांतर जोडा. नांगराचा दिवा आणि व्हीएचएफ यांना इंजिनच्या बॅटरीवर वळवणारा स्विचही ठेवा.

बॅटरी इंजिनच्या खोलीत ठेवू नका. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या आसपास असते. दिवसभर इंजिन चाललेली खोली तेवढी तापते, आणि मग संध्याकाळी चार्जिंग का होत नाही म्हणून सगळे डोकं खाजवतात.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. बारा व्होल्टवर दोन किलोवॅटचा भार म्हणजे पावणेदोनशे आंपियर आणि मनगटाएवढ्या तारा. एसी बॅटरीवर चालवायचा असेल तर २४ किंवा ४८ व्होल्टची बँक घ्या. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, मरीन दर्जाची. बाजारातली साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत आतून हिरवी पडते.

भरणा कुठून होणार? बिमिनीवर ४०० वॅटची सौर पॅनेलं लावली तर डोलकाठी आणि दोरांची सावली, उष्णता वगैरे वजा जाता कोरड्या दिवसांत दिवसाला सव्वा युनिटाच्या आसपास मिळतं. रात्रीचा दीड युनिट जवळपास निघाला. इंजिनचा अल्टरनेटर गरम झाल्यावर तासाला अर्धा-पाऊण युनिट देतो. गेटवेहून मांडव्याला इंजिनवर गेलात तर दीड-दोन तासांत उरलेलं भरून निघतं. एसी नसलेल्या बोटीला जनरेटर लागतच नाही, हे इथे स्पष्ट होतं. पवनचक्कीच्या नादाला लागू नका. रात्रीच्या मंद मतलई वाऱ्यावर ती जेमतेम फिरते.

जनरेटर: कधी आणि कसा

एसी हवाच असं ठरलं तर जनरेटर लागेल. पण तो रात्रभर चालवायचा नाही, हे या लेखातलं माझं सगळ्यात ठाम मत.

कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि बोटीवर मळमळलं की सगळे म्हणतात बोट लागली, जाऊन झोप. झोपायला पाठवणं हेच तेव्हा सगळ्यात घातक. खाडीत याला आणखी एक पदर आहे. रात्री दहाला नांगर टाकला तेव्हा वारा पुढून येत होता आणि धूर मागे जात होता, म्हणून तुम्ही निश्चिंत झोपलात. सहाएक तासांनी भरती-ओहोटी उलटते, बोट प्रवाहाबरोबर वळते, आणि आता वारा मागून येतोय. तोच धूर कॉकपिटमधून सलूनमध्ये उतरतो. शेजारी दुसरी बोट बांधलेली असेल तर तिचा धूर तुमच्या केबिनमध्ये येऊ शकतो, तुमचा जनरेटर बंद असला तरी. म्हणून झोपायच्या प्रत्येक केबिनमध्ये मरीन दर्जाचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवा, जनरेटर नसलेल्या बोटीवरसुद्धा.

पेट्रोलचा हातात उचलायचा इन्व्हर्टर जनरेटर अनेकांकडे असतो. होंडाचा ईयू२२आय हा त्यातला प्रसिद्ध: सलग १८०० वॅट, वजन एकवीस किलोंच्या आसपास, आवाज बेताचा. अंगणात उत्तम. डेकवर ठेवून रात्री चालवणं मात्र मला पटत नाही. धूर डेकच्याच उंचीवर, हॅचजवळ सुटतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली बिल्जमध्ये साचते, आणि पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरते. वापरायचाच तर दिवसा, सगळी माणसं जागी असताना, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. पेट्रोलचा कॅनही डेकवरच, सावलीत. जमिनीवरचा कॅनोपीवाला डिझेल जनसेट बोटीत उतरवायचा मोहही आवरा. तो हवेने थंड होतो. बंद खोलीत त्याला हवा पुरत नाही, आणि बोट कलली की त्याच्या तेलाच्या पंपाचं काय होईल याचा विचार बनवणाऱ्याने केलेला नसतो.

मरीन डिझेल जनरेटर घेताना लोक गरजेपेक्षा मोठा घेतात. डिझेल इंजिन पंचवीस-तीस टक्के भारावर तासन्‌तास चाललं की नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी साचते, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन तेल खायला लागतं. रात्री एसीचा काँप्रेसर थांबला की तुमचा आठ केव्हीएचा जनरेटर नेमका याच अवस्थेत असतो. एसी सुरू होतानाचा धक्का चालू भाराच्या कित्येक पट असतो म्हणून मोठा घ्यावा लागतो, असं सांगितलं जाईल. त्यावर सॉफ्ट स्टार्टर हा स्वस्त उपाय आहे, किंवा इन्व्हर्टर काँप्रेसरचा एसी घ्या.

तेव्हा जोडणी अशी करा. एका केबिनच्या एसीसकट रात्र साडेचार युनिटांची धरली तर पाच-सहा युनिटांची, २४ व्होल्टची एलएफपी बँक घ्या. जोडीला चार-पाच केव्हीएचा जनरेटर आणि अडीच किलोवॅटचा चार्जर. संध्याकाळी सहा ते आठ, स्वयंपाक, आंघोळी, गप्पा चालू असताना जनरेटर सत्तर-पंचाहत्तर टक्के भारावर चालवा. त्याच दोन तासांत बँक भरते, गिझर तापतो, एसी केबिन आधीच गार करून ठेवतो. आठला बंद. दोनेक लिटर डिझेल जळतं. तेच रात्रभर हलक्या भारावर चालवलात तर तासाला पाऊण-एक लिटर धरून सात-आठ लिटर, आणि शेजारच्या बोटींच्या शिव्या वेगळ्या. पाण्यावर आवाज फार दूर जातो. ही युक्ती लेड-ॲसिडबरोबर जमत नाही. ती शेवटचे वीस टक्के भरायला तीन-चार तास घेते आणि तोवर जनरेटर पुन्हा हलक्या भारावरच घुटमळत राहतो.

अख्खी बोट रात्रभर गार हवी, दहा युनिट हवेत, तर बारा-साडेबारा युनिटांची बँक आणि तीन-चार तास जनरेटर असा मेळ बसतो. ते करता येतं, पैसे तेवढे लागतात. पैसे नसतील आणि एसी तर हवाच असेल, तर रात्री जनरेटर चालू असेपर्यंत एका माणसाने जागं राहायचं, पाळीपाळीने. हे मी गमतीने म्हणत नाही. २ सप्टेंबर २०१९च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला आग लागून ३४ जण गेले. आग नेमकी कशाने लागली हे ठरवता आलं नाही, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या ही एक शक्यता होती. पण रात्री फिरता पहारा नव्हता, कर्मचारी सगळे झोपले होते, यावर तपास संस्थेने बोट ठेवलं. झोपण्यापूर्वी ड्रोन, टॉर्च, पॉवर बँक चार्जरवरून काढायची सवय पाहुण्यांनाही लावा.

जुनी बोट परदेशातून येत असेल तर जनरेटरची पाटी वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचा असतो. आपल्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ हवं. पन्नास हर्ट्‌झचे जनरेटर मिनिटाला १५०० किंवा ३००० फेऱ्यांचे असतात. १५००चा जड आणि महाग, पण शांत आणि टिकाऊ. जागा असेल तर तोच.

मुंबईच्या बंदरात आणि खाड्यांत जनरेटरचा खरा शत्रू प्लॅस्टिकची पिशवी आहे. पाणी ओढायच्या तोंडावर ती बसली की थंड पाणी थांबतं, रबरी इंपेलरचे काही मिनिटांत तुकडे होतात आणि एक्झॉस्टची नळी वितळू लागते. एक्झॉस्ट तापला की आपोआप बंद पडण्याची सोय आहे का, हे घेण्यापूर्वी चालवून पाहा. इंपेलर, पट्टा, इंधन फिल्टर यांचे सुटे भाग बोटीवरच ठेवा, आणि इंपेलर बदलायचं काम खलाशाकडून एकदा तुमच्यासमोर करून घ्या. सायफन तोडणारा व्हॉल्व्ह मिठाने चोंदला तर समुद्राचं पाणी उलटं इंजिनात शिरतं. तो हंगामात दोनदा उघडून धुवा.

जूनमध्ये बोट वर काढताना जनरेटरच्या समुद्री पाण्याच्या मार्गातून गोडं पाणी फिरवा, इंपेलर काढून ठेवा, आणि डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा राहून पाणी धरणार नाही. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि महिन्याला डिस्टिल्ड वॉटर पाहा. लिथियम उलट, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून तिच्या तारा सोडवा. बीएमएसही थोडी वीज खात राहतो, म्हणून जुलैच्या अखेरीस एकदा मॉनिटर लावून आकडा बघून या.